देवघरातला मोठा टाक

मी कोल्हापुरात मोडी कागद वाचून देण्याचं काम करते. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोकांची रीघ लागली आणि घरोघरचे जुन्या कागदांचे कापडी रुमाल सुटू लागले. भुदरगड तालुक्यातले एक काका असाच रुमाल घेऊन आले होते. त्यांना हवी असलेली नोंद एका वाटणीपत्रात मिळाली, म्हणजे काम तिथेच संपलं होतं. पण तळाशी कडा वाळवीने खाल्लेली एका अर्जाची नक्कल होती. तिच्यात 'पलटण' दिसल्यावर मला ती बाजूला ठेववेना.

अर्ज १९२० सालचा, गारगोटीच्या मामलेदार कचेरीला केलेला. अर्जदार म्हणजे काकांच्या पणजोबांचा थोरला भाऊ. धाकटा भाऊ ११७ मराठा पलटणीत शिपाई होता, बसऱ्याकडे लढाईस गेला, तुर्काचे कैदेत सापडून तिकडेच मयत झाल्याचं सरकारातून कळलं. त्याची बायको मात्र मयताच्या कागदावर अंगठा देत नाही, म्हणून पेन्शन अडलं आहे. मूल अजाण आहे, तरी मुलास वारस धरून पेन्शन सुरू व्हावं.

मी मोठ्याने वाचत होते. काकांनी हात वर केला. "थांबा मॅडम. तुर्काच्या कैदेत मेला, असं लिवलंय तितं?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांच्याकडे गोष्ट वेगळीच सांगत आले होते. पणजोबांनी तिकडे दुसरा संसार थाटला, म्हणून परत आले नाहीत, असं गाव म्हणायचं. "आमच्या आज्ज्याला पोरं चिडवायची त्यावरनं. म्हातारा झाला तरी बापाचं नाव निघालं की उठून जायचा."

पलटणीचा आकडा कळला की पुष्कळ काही उलगडतं. १९१४ मध्ये पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला फौज अडली आणि मागे हटत कूत-अल-अमारात शिरली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तिथे तुर्कांचा वेढा होता. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. बऱ्याच हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस नाकारलं, आणि त्यांचे हाल गोऱ्यांच्या आधी सुरू झाले. अखेर फौज शरण गेली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांत शिपाई होते तसे ओझी वाहणारे, स्वयंपाकीही होते. या अर्धमेल्या माणसांना वाळवंटातून पायी चालवत बगदाद, मोसूल, रास-अल-ऐनपर्यंत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यांचा सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखात राहिला. हे मी पूर्वी वाचलं होतं. पण समोर पणतू बसलेला असताना ते सांगणं मला जड गेलं.

मग कॉम्प्युटर उघडला. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आपल्याकडचा शिपाई नुसत्या नावाने शोधू नये. इंग्रजी कारकुनाने कानाला येईल तसं लिहिलेलं असतं आणि आडनाव बहुधा नसतंच. मी पलटण आणि 'कोल्हापूर' यांवरून चाळते, मग बापाचं नाव आणि गाव ताडून बघते. बापाचं नाव अर्जातलंच निघालं. गावाचं नाव मोडकंतोडकं, पण त्या पंचक्रोशीतल्या माणसाला कळेल असं. मृत्यू ऑक्टोबर १९१६. स्मारक बसरा.

"मग दगडावर नाव असंल की त्याचं," काका म्हणाले.

नाही. बसरा स्मारक ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४० हजारांहून अधिक माणसांचं आहे. त्या दगडांवर अधिकाऱ्यांची आणि गोऱ्या शिपायांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांची फक्त संख्या, पलटणीच्या नावाखाली. २०२१ मध्ये आयोगाच्याच समितीने हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. कबुली शंभर वर्षांनी का होईना आली, हे चांगलंच झालं. पण ज्या पोराला गावाने चिडवलं, त्याच्या हयातीत ती यायला हवी होती, असं मला फार वाटतं.

घरात पदक, बिल्ला काही आहे का, असं मी विचारलं. "चांदीचं एक हुतं म्हणं. आज्जीनं गुजरीत मोडून जोडवी केली." मग जरा थांबून म्हणाले, "पणजीनं ठेवलेला अंबाबाईचा मोठा टाक हाय देवघरात. पर तो देवाचा."

केवढा, विचारलं, तर त्यांनी तळहात पसरला. मी घरी फोन लावायला लावला. सुनेने व्हिडिओवर टाक समोर धरला आणि माझ्या अंगावर काटा आला. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, पुढ्यात सिंह. ती ब्रिटानिया होती, ब्रिटनचं प्रतीक म्हणून काढतात ती बाई. महायुद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेली ती ब्राँझची तबकडी, अशा १३ लाखांवर पाडल्या होत्या. तिच्यावर हुद्दा कधीच घालत नसत, शिपाई आणि जनरल दोघांना सारखीच. नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं, उठावाच्या अक्षरांत.

सिंहाच्या वरच्या चौकटीतलं हळदकुंकू ओल्या कापसाने हलकं टिपायला सांगितलं. मागून एक म्हातारा आवाज आला, "देवीला पुसू नगंस गं!" तरी सुनेने एकेक अक्षर वाचलं. मी यादीशी जुळवत गेले. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळलं.

कागदावर अंगठा न देणाऱ्या त्या बाईने नवऱ्याच्या मृत्यूची खूण देवघरात बसवली. तिला तीत काय दिसलं, सिंहवाहिनी की आणखी काही, कोण सांगणार? पेन्शन सुरू झालं का, याचा कागदही त्या रुमालात नव्हता. टाक आहे तिथेच राहणार, असं काकांनी फोनवरच सांगून टाकलं. मलाही ते पटलं.

गावाचं नाव दुरुस्त व्हावं म्हणून आयोगाकडे अर्ज पाठवू, त्याला मोडीची प्रत आणि लिप्यंतर जोडू, असं ठरलं. पण काकांना आधी दुसरंच हवं होतं. "त्यो अर्ज मराठीत मोठ्या अक्षरांत काढून द्या. म्हाईला सगळी भावकी जमती. आज्ज्याला चिडवणाऱ्यांची नातवंडंबी असत्यात त्यात. मी वाचून दावतो."

मी त्यांच्यासमोरच टाईप करायला घेतला.