फिरून आलात, आता खुर्चीवरून उठा

सकाळी सोलापूरच्या कंबर तलावाकडं फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांपैकी कितीतरी जणांचा रोजचा तास चुकत नाही. पण घरी आल्यावर तेच खुर्चीतून उठताना दोन्ही हात मांड्यांवर रेटतात. सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंवर फारसा भार येत नाही. दम सुधारतो, ताकद मात्र घटत राहते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. त्याशिवाय ताकदीचे व्यायाम किमान २ दिवस आणि तोल व ताकद दोन्हींचा सराव किमान ३ दिवस. आपल्याकडं त्यातलं चालणं तेवढं पोचलं.

आधी मोजा. साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. टेकवायचीच, कारण शहाबादी फरशीवर ती मागं सरकते. हात छातीवर आडवे धरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषाचे १२ आणि बाईचे ११ पेक्षा कमी भरले, तर पाय कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका वाढलाय असं समजा. हात टेकावेच लागले तर आकडा शून्य धरतात.

हीच चाचणी पुढं व्यायाम होते. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागं घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढं झुका आणि उठा. बसताना मनात चार मोजत सावकाश खाली या. बहुतेकांचं गणित इथंच चुकतं. उठतात नीट आणि बसताना धपकन अंग सोडून देतात, म्हणजे निम्मा व्यायाम वाया आणि मणक्याला दणका. दुसरी चूक म्हणजे गुडघे आत वळणं. तिसरी, श्वास कोंडणं. त्यानं ब्लडप्रेशर एकदम चढतं. उपाय सोपा आहे, आकडे मोठ्यानं मोजा. मराठीत मोजा, कन्नडमध्ये मोजा, नाहीतर तेलुगूत ओकटी, रेंडू, मूडू म्हणा. तोंड उघडं असलं की श्वास कोंडत नाही.

उठताच येत नसेल तर आपली सोलापुरी चादर आहेच की. दोन जाड चादरी घट्ट घडी करून बैठकीवर ठेवा आणि सरकू नयेत म्हणून नाडीनं खुर्चीला बांधा. बैठक उंच झाली की उठणं हलकं होतं. ८ ते १० वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून दुसरी फेरी, आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. दोन्ही फेऱ्या आरामात जमू लागल्या की एक चादर काढा. दोन्ही निघाल्या की खरी खुर्ची.

जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं, १० वेळा. मग भिंतीच्या कोपऱ्यात उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून १० सेकंद तोल धरणं. घोट्याला बांधायला जुन्या टॉवेलची पिशवी शिवा, कोरडी वाळू भरा, सुरुवातीला अर्धा किलो. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करायचा, तीन मोजायचे, सावकाश खाली. मधुमेहानं पाय बधिर असतील तर पिशवी सोडल्यावर कातडी बघा, वळ कळत नाहीत.

जन्मभर मागावर उभं राहिलेली माणसं म्हणतात, आमचा व्यायाम झालाय. विड्या वळणाऱ्या बायकांचंही हेच. पण एकाच जागी उभं राहून किंवा वाकून बसून अंग आखडतं, ताकद वाढत नाही. हे वाद घालून पटत नाही, चाचणीचा आकडा पटवतो.

काही गोष्टी मात्र सांभाळा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सुरू करू नये, खिशात तीन चमचे साखरेची पुडी असू द्या. ब्लडप्रेशरच्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी नाडी मंद राहते, त्यामुळं घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका. बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत फिरणं उरका, ऊन चढल्यावर घरातच खुर्ची बरी. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून वाकून पायाची बोटं धरायची आसनं नकोत. छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली, तर तिथंच थांबा आणि डॉक्टर गाठा.

मांड्या एकदोन दिवस दुखल्या तर ठीक. सांधा सुजला किंवा व्यायामानंतर दोन तासांहून जास्त ठणकला, तर पुढच्या खेपेला आकडा निम्म्यावर आणा. ताप-खोकल्यात दोन आठवडे खंड पडला तरी तसंच. जुन्या आकड्यापासून नको, निम्म्यापासून, आणि लागलीच तर चादर परत खुर्चीवर.