लॅपटॉपची बॅटरी फुगली तेव्हा

सुरुवात टचपॅडपासून झाली. क्लिक करायला बोट जोर लावून दाबावं लागायचं. मग झाकण लावलं की पुढच्या कडेला फट राहायला लागली आणि सपाट टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगू लागला. बॅटरी फुगली होती.

घरात लगेच सल्ले सुरू. "वर दोन जाड पुस्तकं ठेव, बसेल खाली." हे मात्र चुकूनही करायचं नाही. लिथियम बॅटरीच्या पाकिटात पातळ थर एकमेकांना चिकटून असतात. ती जुनी झाली, तापली की आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार होतो. त्यावर दाब दिला किंवा टोचलं, तर आत शॉर्ट होऊन पेट घ्यायची भीती. मी चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला आणि पडद्यांपासून लांब, उघड्या फरशीवर ठेवून दिला.

खरी घालमेल वेगळीच होती. २० तारीख जवळ आलेली, जीएसटीआर-३बी (जीएसटीचे रिटर्न) भरायचे आणि सगळ्या ग्राहकांचा डेटा आत. एकदा चालू करून बॅकअप घ्यावा, असं फार वाटत होतं. पण डेटा असतो एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या वेगळ्या भागावर, बॅटरीशी त्याचा संबंध नाही. एसएसडी नंतर सावकाश काढून घेता येते. मोह आवरला.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीत ठेवून नेणं शक्यच नव्हतं. सकाळी ऊन चढायच्या आत ऑटोने सीताबर्डीला गेले, लॅपटॉप आडवा मांडीवर. रिपेअरवाल्या मुलाने खालचे स्क्रू काढले, प्लास्टिकच्या पातळ पातीने कव्हर उचकलं आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. तीनपैकी दोन सेल पुरीसारखे टम्म! टचपॅड खालून तेच ढकलत होते. नशीब, टचपॅड शाबूत होता.

नवी बॅटरी घेताना तो म्हणाला, "मॅडम, मॉडेल नका सांगू, जुनीवरचा पार्ट नंबर बघा." बरोबर होतं त्याचं. एकाच मॉडेलमध्ये दोन-दोन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-अवर (बॅटरीची क्षमता) जुळवले, बनवल्याची तारीख पाहिली. निम्म्या किमतीतली डुप्लिकेटही होती. ती नको म्हटलं. जिने आग लागू शकते तिथे काटकसर कसली?

घरी आल्यावर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के केली. माझा लॅपटॉप दिवसभर प्लगलाच असतो, आणि सतत काठोकाठ भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर खराब होते. अनेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणतात. आपल्याकडे पारा ४५ला जातो. म्हणून टेबल खिडकीपासून हलवलं. कूलरच्या थेट झोतातही ठेवलं नाही, तिथली हवा दमट. गादीवर लॅपटॉप घेऊन बसणं घरात सगळ्यांनाच बंद, कारण खालच्या जाळ्या बुजतात.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. गाडीत कचरा दाबला जातो, तिथेच ती पेटू शकते. बॅटरी-कचऱ्याच्या २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराकडे ई-कचऱ्याचा डबा होता, कनेक्टरच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्याने ती त्यात ठेवली. रिटर्न १९ तारखेला भरून झाले.