तुम्ही विचारलंत म्हणून : तो कागदाचा कपटा कसला?

पुस्तकांच्या कपाटात एक छोटी काचेची चौकट आहे. आत पातळ पांढऱ्या कागदाचा बोटभर कपटा, बाकी काही नाही. घरी येणारा प्रत्येक जण तिथे थबकतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. तो बर्फ आहे. स्लावा पोलुनिन नावाच्या एका रशियन विदूषकाने पाडलेला. यावर पुढचा प्रश्नही ठरलेला : "जोकर? या वयात?"

आपला सोंगाड्या तोंडाळ. संस्कृत नाटकातल्या विदूषकाचीही जीभ थांबत नाही, निम्मी खाण्याच्या गोष्टींत. आपण हसतो ते शब्दांना. त्यामुळे जो बोलतच नाही तो हसवणार कसा, ही तुमची शंका रास्त आहे.

स्लावा पोलुनिन 1950 साली ओर्योल प्रांतातल्या नोवोसिल नावाच्या लहानशा गावात जन्मला. पोरवयात टीव्हीवर चॅप्लिनचा 'द किड' बघत होता, तर रात्र झाली म्हणून आईने शेवटाआधीच टीव्ही बंद केला. पोरगं रडत राहिलं. त्याच आईची इच्छा मुलाने इंजिनिअर व्हावं अशी. (ही आई आपल्याला परकी नाही.) तो लेनिनग्रादला (आजच्या सेंट पीटर्सबर्गला) गेला, इंजिनिअरिंग सोडलं आणि 1968 मध्ये मित्रांबरोबर 'लित्सेदेई' ही मूकाभिनयाची मंडळी काढली. 1980 च्या सुमारास त्याला त्याचं सोंग सापडलं : असिस्याय. ढगळ पिवळा पोशाख, लाल मफलर, पायात लाल केसाळ सपाता. दोन फोन घेऊन दोन्हीकडून हाच बोलतो, आणि भाषा म्हणाल तर कुठलीच नाही. सोव्हिएत टीव्हीमुळे तो घरोघरी पोचला.

मग या माणसाने काय करावं? 1988 मध्ये मंडळीला वीस वर्षं झाली. आपल्याकडे शाल-श्रीफळ झालं असतं, स्मरणिका निघाली असती. यांनी स्वतःच्या नाटक मंडळीची अंत्ययात्रा काढली. नाटक कंपनी वीस वर्षांपलीकडे जिवंत राहत नाही, असं थोर रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की म्हणाल्याचं सांगतात. यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या वर्षी पोलुनिन निरनिराळ्या देशांतल्या रस्त्यावरच्या नाटकवाल्यांना घेऊन मॉस्कोपासून पॅरिसपर्यंत फिरला. नंतरचं सगळं, म्हणजे लंडनचं ऑलिव्हिए नाट्यपारितोषिक, ब्रॉडवे, पीटर्सबर्गच्या फोन्तान्का नदीकाठच्या जुन्या सर्कशीचं प्रमुखपद, पॅरिसजवळची त्याची पिवळी पाणचक्की, तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

मी सांगतो ते त्याच्या 'स्नोशो'चं. हा प्रयोग 1993 पासून चालू आहे. मी तो लेकीबरोबर लंडनला पाहिला, टेम्सकाठच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये. सुरुवातीला पिवळा विदूषक येतो तो गळ्यात फास घालून. दोर ओढत जातो, ओढत जातो, आणि दुसऱ्या टोकाला निघतो आणखी एक विदूषक, त्याच्याही गळ्यात फास. थिएटर हसतं. मीही हसलो, आणि लगेच ओशाळलो.

पुढे एक स्टेशन. खुंटाळ्यावर कोट आणि टोपी. विदूषक कोटाच्या एका बाहीत आपला हात घालतो, एवढंच. पण त्या क्षणी कोटात कुणीतरी उभं राहतं. तो हात विदूषकाच्या अंगावरची धूळ झटकतो, त्याला जवळ घेतो, सोडत नाही. आणि हळूच त्याच्या खिशात चिठ्ठी सरकवतो.

मिरजेच्या स्टेशनवर, मी कॉलेजसाठी पुण्याला निघालो तेव्हा, दादांनी माझी कॉलर नीट केली होती. दादा जवळबिवळ घेणाऱ्यातले नव्हते. किर्लोस्करवाडी गेल्यावर शर्टाच्या खिशात घडी घातलेल्या दहाच्या दोन नोटा सापडल्या. कधी घातल्या, कळलंच नव्हतं.

रंगमंचावर गाडी सुटते. विदूषक चिठ्ठी काढतो, फाडतो, तुकडे वर उडवतो, आणि तेच तुकडे बर्फ होऊन पडू लागतात. मग वादळ. डोळे दिपवणारा उजेड, कानठळ्या बसवणारं संगीत आणि तोंडावर येणारा वारा. हजारो कपटे खुर्च्यांवर, केसांत, सदऱ्यात. लेक ओरडत होती. मी चष्मा पुसत होतो, आणि तिने शहाण्यासारखं तिकडे बघितलं नाही.

पुण्याला आल्यावर स्वेटर धुवायला टाकताना खिशात हा कपटा मिळाला. वाऱ्याने शिरला असेल. विमानतळावर लेकीने माझा स्वेटर नीट केला होता, हेही खरं. तिला मी अजून विचारलेलं नाही.