घणसोलीत मेटल डिटेक्टर घेऊन: मशीनच्या आधी आजीला विचारा

मागच्या रविवारी आम्ही मित्र मिळून नवी मुंबईतल्या घणसोली गावात एका मित्राच्या जुन्या घराच्या अंगणात मेटल डिटेक्टर फिरवून आलो. घर कौलारू, पुढे ओटा, मागे विहीर, आणि सगळं आता रिडेव्हलपमेंटला जाणार. जेसीबी आला की जोतं, अंगण सगळं डंपरमध्ये जाईल, म्हणून मित्र स्वतःच म्हणाला की त्याआधी या आणि काय निघतंय ते बघा.

आधी जागेबद्दल, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. नवी मुंबईत सेक्टरमधल्या मोकळ्या प्लॉटवर किंवा खाडीकिनारी मशीन फिरवून जुनं नाणं मिळायची आशा फार ठेवू नका. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली 1970 ला, त्यानंतर भातशेती आणि मिठागरांवर भराव पडला, आणि साधं व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं, नेहमीच्या वापरातलं) मशीन नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंतच धड पकडतं. म्हणजे खाली काही असलंच तरी वर सगळा डबर आणि सळयांचे तुकडे. जुनी जमीन अजून उघडी आहे ती गावठाणात, तीसुद्धा पेव्हर ब्लॉक बसले नसतील तिथेच. ठाण्यात घोडबंदर किल्ला, इकडे बेलापूरचा किल्ला, असल्या ठिकाणी तर मशीन पिशवीतूनसुद्धा काढू नका. संरक्षित स्मारकात खणणं हा सरळ गुन्हा आहे, वर इतिहासाची वाट लागते ती वेगळीच. येऊरला पण नको, ते जंगल खात्याचं.

मशीन गॅरेट कंपनीचं, एका मित्राचं. सुरुवातीला आम्ही शहाण्यासारखे अंगणाच्या कोपऱ्यातून पट्टे पाडत निघालो आणि खिळे, पत्र्याचे तुकडे, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, बाटल्यांची बुचं असला माल काढत बसलो. मित्राची आजी ओट्यावर बसून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही, म्हणाली, "आरं तिथं काय खनता, तिथं म्हशी बांधायचो. मासली इकायला बाया बसायच्या त्या विहिरीच्या वाटेला." तिने बोट दाखवलं ती जागा आमच्या लेखी नुसती पायवाट होती. आम्ही तिकडे गेलो आणि तासाभरात चित्र पालटलं.

पहिला पक्का टिंग आला आणि निघाली शिशाची गोळी, जाळ्याला लावतात ती. मग अशा बऱ्याच निघाल्या. शिसं मशीनवर जवळपास नाण्यासारखंच वाजतं, त्यामुळे आगरी-कोळी वस्तीत ही फसगत होणारच, पण मला विचाराल तर ती शिसंच मला नाण्यांपेक्षा आवडली, एकीवर दोरीचा घासून पडलेला वळ अजून दिसतोय. त्यानंतर ॲल्युमिनियमचे चौकोनी 5 पैसे, झालरीचे 10 पैसे, बैलाच्या गळ्यातलं पितळी घुंगरू, आणि हातभर पुढे भोकाचा पैसा. हा 1943 ते 1947 मधला, महायुद्धात तांबं वाचवायला मधे भोक पाडलेला. आमच्यावाल्यावर वरचा मुकुट स्पष्ट आहे, सालाचा शेवटचा आकडा मात्र हिरव्या थराखाली गेलाय. आजीने हातात घेतला आणि म्हणाली, हे पोरांच्या करदोड्यात बांधायचो. मग संध्याकाळकडे पंचम जॉर्जचा पाव आणा मिळाला. पाव आणा म्हणजे एक पैसा, असे 64 मिळून रुपया, 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले तोपर्यंत हाच हिशोब. शिवराई, म्हणजे शिवरायांच्या नावाचं तांब्याचं नाणं, नाही मिळाली, सगळे आधी तेच विचारतात.

तर मुद्दा असा की नाणं पडतं ते जिथे माणसं बसून पैसे मोजतात, पदर सोडतात, वाकून पाणी ओढतात तिथे. हे मशीनला कळत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर माहीत असतं. जाल तिथे आधी चहा घ्या आणि विचारा, बाजार कुठे बसायचा, खळं कुठे होतं, वाट कुठून होती, भराव कधी टाकला.

मशीन चालवणाऱ्यांसाठी थोडं. आपल्याकडचा दगड बेसाल्ट, त्यात लोह भरपूर, त्यामुळे मशीन रिकामं पण कुरकुरतं. ग्राउंड बॅलन्सची, म्हणजे मशीनला जमिनीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करायला लावायची सोय असेल तर कॉइल (खालची गोल चकती) जमिनीवर वर-खाली करून आवाज स्थिर होईपर्यंत सेट करा, नसेल तर सेन्सिटिव्हिटी उतरवा, गावठाणात डोक्यावर लोंबणाऱ्या वायरींमुळे ती तशीही उतरवावीच लागते. सिग्नल आला की नव्वद अंशात फिरून दुसऱ्या बाजूने परत घ्या, नाणं असेल तर आवाज तसाच राहतो, खिळा असेल तर बहुतेक वेळा तुटतो. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायचं सेटिंग, फार चढवू नका, ॲल्युमिनियमची नाणी त्यात गायब होतात. आणि हेडफोन लावाच, नाहीतर प्रत्येक टिंगला अख्खी आळी कुंपणाशी येते आणि गुप्तधनाची चर्चा सुरू होते. हसू नका, हा विषय आपल्याकडे किती नाजूक आहे ते बातम्या वाचणाऱ्याला माहीत आहे. आम्ही शेजारच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं आणि निघेल ते ओट्यावर सगळ्यांसमोर मांडत होतो.

खणायला कुदळ-पहार नको, खुरपं पुरे. माती तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटा, सुटी माती गोणपाटावर काढा, परत भरून पायाने दाबा. गॅसची पाइप आणि मीटरची केबल कुठून गेलीय ते घरच्यांना विचारून घ्या. हातमोजे हवेतच, जोत्याच्या फटीत विंचू असतात आणि काच तर सगळीकडे. पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस उत्तम, ओल असते, सिग्नल पण बरा येतो, मे महिन्यात हीच जमीन फोडायला घाम निघेल.

जागामालकाची परवानगी असली तरी कायदा सुटत नाही. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, घणसोलीसाठी म्हणजे ठाण्याला. त्यामुळे मडकंभर नाणी किंवा मूर्ती दिसली तर हात लावू नका, फोटो काढा आणि तहसीलदारांकडे जा. लपवलं तर तुरुंग आहे, आणि तुमच्यापायी घरमालकही अडकतो. आम्ही सगळं त्याच घरात ठेवलंय, आमच्याकडे फक्त फोटो.

नाणी घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी काही नको, साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती काढा आणि पूर्ण वाळवा. खाडीजवळच्या मातीत मीठ असतं, तांब्यावर फिकट हिरवी भुकटी दिसायला लागली तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटात घालू नका, कागदी पाकीट चांगलं.

जायचं कसं, तर ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल, ऐरोली, रबाळेनंतर घणसोली, स्टेशनवरून गावात रिक्षा. गाडी नेऊ नका, गल्ल्यांमध्ये लावायला जागा नाही. जोतं निघेल तेव्हा आम्हाला परत बोलावलंय, पण घराच्या पायात पूजेला घातलेलं जे काही निघेल ते आजीचं, त्याला आम्ही हात लावणार नाही, हे आधीच ठरलंय.