पितळी मेक मॉड : कधी पेटतो, कधी नाही (नोंद ३)

मेक मॉड म्हणजे आत सर्किट नसलेली ई-सिगारेट, बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो. नळी २४ मिमी पितळेची, हायब्रिड टॉप कॅप (वर लावलेल्या आरडीएची पिन थेट सेलला टेकते), एकच १८६५० सेल (लिथियम-आयन), तळाचं बटण चुंबकांवर चालणारं. वर आरडीए (वाफ करणारं डोकं, यात कॉइल आणि कॉटन हाताने बसवायचं), कॉइल, म्हणजे तापणारी तार, ०.३५ ओहम. दहा वेळा दाबलं तर चारदा नीट तापतो, तीनदा मंद, तीनदा ढिम्म. (भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे. ही नोंद ब्रिटनसारख्या ठिकाणी, जिथे प्रौढांना हे कायदेशीर आहे, तिथल्या मंडळींसाठी.)

आधी आरडीए बाजूला. ओहम रीडरवर लावून हलवला, थोडा पिळला. आकडा ०.३५ वरून हलला नाही, म्हणजे पोस्टचे (कॉइलची टोकं धरणाऱ्या खांबांचे) स्क्रू घट्ट आहेत. नवी कॉइल दोन-चारदा तापली की स्क्रू ढिले होतात, म्हणून हे पहिलं. सेल दुसऱ्या रेग्युलेटेड (सर्किट असलेल्या) मॉडमध्ये घातला, तिथे बिनतक्रार चालला.

सेलचा रॅपही (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) बोटाने फिरवून पाहिला. सेलचं अख्खं कवच ऋण असतं. रॅप फाटून कवच नळीला टेकलं की बटणाला वळसा मिळतो आणि मॉड खिशातच आपोआप पेटतो. हायब्रिडमध्ये ५१० ची (आरडीए मॉडला जोडणाऱ्या आट्यांच्या मधली) पिन आट्यांच्या पुढे स्पष्ट बाहेर आलेली हवी. ती आत बसली असेल तर सेलचं धन टोक थेट आट्यांच्या कडेला टेकतं आणि बटण दाबताच डेड शॉर्ट, म्हणजे कॉइल वगळून थेट शॉर्ट सर्किट, होतो. इथे शंका आली तर पुढचं काहीच करू नका, तो आरडीए हायब्रिडवर लावायचाच नाही.

मग मल्टिमीटर. बटणाचा ओहम मोजून काही कळत नाही. मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.१–०.२ ओहम भरतो, आपला गुन्हेगार त्याहून लहान. मोजायचा तो दाबलेल्या अवस्थेतला व्होल्टेज ड्रॉप. कॉटन ओलं, आरडीएची टोपी काढलेली, प्रोब दोन पोस्टवर, दाबणं दोन सेकंदांपुरतंच.

बटण न दाबता, भार नसताना सेल ४.१८ व्होल्ट. चांगल्या दाबात पोस्टवर ३.७०, मंद दाबात ३.१०. म्हणजे करंट १०.६ वरून ८.९ अँपिअरवर आला आणि वाटेत कुठेतरी ०.०८ ओहमच्या आसपास जास्तीचा रेझिस्टन्स घुसला. तेवढ्यावर साधारण ६ वॅट उष्णता जळते, नेमक्या त्या सांध्यावर. बटण गरम लागत होतं ते यामुळे. सेल थकलेला असता तर आकडा प्रत्येक दाबाला सारखाच पडला असता. इथे तो उड्या मारतोय, म्हणजे काँटॅक्ट.

आता एक प्रोब बटणाच्या दांड्यावर, दुसरा नळीच्या उघड्या पितळेवर. दाबल्यावर इथे जे दिसेल ते बटणाचं स्वतःचं नुकसान. चांगल्या दाबात ०.०५ व्होल्ट, मंद दाबात ०.७. सापडला.

बटण उघडलं. दांड्याच्या कॉलरवर (दाबल्यावर नळीला टेकणाऱ्या कड्यावर) एकाच बाजूला काळी चंद्रकोर, ठिणग्यांनी जळलेली. कारण खाली होतं: एकमेकांना ढकलणाऱ्या दोन चुंबकांपैकी खालचं गोंदातून सुटून तिरकं बसलेलं. दांडा वाकडा उतरतो, कॉलर एका कडेवरच टेकते, कड जळते, जळकं पितळ आणखी वाईट टेकतं.

जुना गोंद ॲसिटोनने काढला. चिकटवण्याआधी चुंबकाला मार्करने खूण केली, उलटं बसलं तर बटण वर येण्याऐवजी आत ओढलं जातं. इपॉक्सीचा पातळ थर, रात्रभर सुकवला. कॉलर सपाट काचेवर १५०० आणि मग २००० च्या ओल्या सँडपेपरवर गोल गोल घासली. काँटॅक्टवर चांदीचा मुलामा असेल तर पेपर लावू नका, मुलामाच निघून जाईल. आटे जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले. पितळेला चिंच हा आपला जुना हात, पण फक्त नळीच्या बाहेरून. आट्यांत आंबट राहिलं तर तिथे हिरवट थर धरतो.

जोडल्यावर वीस दाब: पोस्टवर ३.६६ ते ३.७१, बटणावर ०.०४–०.०५. न दाबता पोस्टवर शून्य, हेही तपासलं.

उरलंय ते सेलचं खुळखुळणं, उभ्या दिशेने जेमतेम पाव मिमी. ते बटणाच्या ॲडजस्ट होणाऱ्या पिनने काढायचं. मध्ये सुटं चुंबक किंवा नाणं घालून जागा भरायची नाही. ते सरकून धन टोकावरून कवचावर गेलं की थेट शॉर्ट, आणि मेक मॉडमध्ये मध्ये पडायला फ्यूज नसतो.