एका फळीचे एकवीस दिवस

गाडीत मागचे स्पीकर बसवायला साडेतीन फूट लांब, सव्वा फूट रुंद अशी एक फळी, तिला दोन लंबगोल भोकं, आणि त्यासाठी एकवीस दिवस. अगदी मोजून एकवीस, कारण दुकानदार दर वेळी "दोनच दिवस झालेत ना ताई" म्हणायचा आणि मग मी मोबाईलमध्ये तारखा लिहायला लागले.

गाडी बाबांची. १९९९ ची मारुती ८००, पांढरी, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग दर पाच वर्षांनी करून घेतो, ग्रीन टॅक्स भरतो, आणि विकायचा विषय निघाला की बाबा पेपर तोंडासमोर धरतात. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. मागचे जुने चार इंची स्पीकर फाटक्या कागदासारखे वाजायचे, म्हणून यंदा वाढदिवसाला सहा बाय नऊचे ओव्हल द्यायचे ठरवलं. स्पीकर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले, अर्ध्या तासात काम झालं. डेक दोन वर्षांपूर्वीच बदललेला.

अडचण होती ती मागच्या ट्रेची. सीटच्या पाठीमागे डिकीवर जी आडवी फळी असते ती. बाबांनी गाडी घेतल्यावर बाहेरून बसवून घेतलेली, हार्डबोर्डची, वर रेक्झिन. पंचवीस वर्षांच्या उन्हाने तिची झोळी झाली होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक नवा स्पीकर ठेवून पाहिला, पावणेदोन किलो भरला. असे दोन त्या झोळीत घातले असते तर चांदणी चौकाच्या चढावर ते डिकीतच उतरले असते.

नाना पेठेच्या बाजूला ॲक्सेसरीजची दुकानं आहेत, त्यातल्या एकात मारुती ८०० ला बसणारा तयार ट्रे मिळाला. वर कार्पेट, खाली पातळ प्लास्टिक, ओव्हलसाठी खुणा आधीच पाडलेल्या. अंगठ्याने दाबला तर ओल्या पापडासारखा वाकला. दुकानदार म्हणाला, "खाली प्लाय मारून देतो, एकदम दगड होईल. उद्या संध्याकाळी या." पंधराशे आगाऊ दिले. तो "खाली" शब्द मी नीट ऐकला होता, हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

प्लाय कशाला, असं मला घरच्यांनीही विचारलं. स्पीकरचा कोन, म्हणजे मधला हलणारा शंकू, पुढे ढकलला जातो तेव्हा स्पीकरची चौकट तेवढ्याच जोराने मागे ढकलली जाते. फळी लवचिक असेल तर कोनाऐवजी फळीच नाचते, खर्जातला आवाज जातो आणि खडखड तेवढी उरते. शिवाय स्पीकर मागच्या बाजूलाही पुढच्याइतकाच आवाज फेकतो, पण उलटा. फळीने वरचं आणि डिकीतलं असे दोन कप्पे नीट वेगळे केले नाहीत तर ते दोन आवाज एकमेकांना खातात. आणि फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की वाकणं आठपट कमी. त्यामुळे दोन सुताच्या जागी चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) घेतलं तरी फरक हाताला कळतो. सहा सूत घ्यायची गरजच नसते. दुकानदाराने सहा सूत घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. "कारागीर आत्ताच गेला." चौथ्या दिवशी, "जिगसॉचं पातं तुटलं." सहाव्या दिवशी फळी पहिल्यांदा दिसली. पॉलिशच्या डब्यांमागे भिंतीला टेकून उभी, कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं: "८०० ताई". तिच्यावर कुणाचा तरी डबा ठेवलेला. मला उगाच बरं वाटलं, निदान फळी आहे म्हणून.

नवव्या दिवशी फळी आडवी होती. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर पात्याचे बारीक सरळ चरे, शेजारी काळ्या रेक्झिनचे तुकडे. माझ्या फळीवर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं सीट कव्हर कापलं होतं. मी काही बोलायच्या आत मालक म्हणाले, "सर नाही आले? त्यांना फोनवर समजावून सांगतो." मी म्हटलं, सरांचा काय संबंध, गाडी मीच आणलीय, पैसे मीच दिलेत, मला सांगा. तर म्हणे, "तसं नाही ताई, टेक्निकल असतं जरा." चहा मागवला. चहा चांगला होता, हे मान्य करते.

अकराव्या दिवशी फोन आला, या. गेले, ट्रे बसवलेला. कार्पेटवर प्लाय, प्लायवर पुन्हा कार्पेट, त्यावर स्पीकर, त्यावर जाळी. प्लाय वरून मारलेला! डिकीचं दार खाली घेतलं तर काच जाळीवर टेकली आणि कुलूप बोटभर वर राहिलं. "जोरात आपटा ताई, बसेल." काच आहे ती, दादा. "मग जाळी काढून टाकू का?" जाळी काढली की बाबांची छत्री पहिल्याच आठवड्यात कोनमधून आरपार.

त्या रात्री घरी एक गोष्ट केली, ती आधीच करायला हवी होती. जुना ट्रे परत बसवला, स्पीकर येणार त्या जागी कणकेचा गोळा ठेवला (काचेला चिकटू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी), डिकी हळू बंद केली, उघडली. गोळा दबून साडेतीन सेंटीमीटर उरला. स्पीकरची जाळी अडीच. सहा सूत प्लाय म्हणजे जवळजवळ दोन. अडीच आणि दोन साडेचार; साडेतीनमध्ये ते कसं बसेल? तुमच्या गाडीची मागची काच उतरती असेल तर पैसे देण्याआधी हा कणकेचा प्रयोग करा. दोन मिनिटं लागतात. नंतर कणीक टाकून द्या, तिला काचेच्या रबराचा वास लागतो.

हे आकडे कागदावर लिहून दुकानात नेले. मालकांनी कागद पाहिला, हसले आणि म्हणाले, "ताई, चपात्या नका लाटू इथे." पोरं हसली. बारावा दिवस. त्या दिवशी मी फळी उचलून यायला हवी होती. नाही आले, कारण पंधराशे अडकलेले, आणि "खालून मारून देतो, परवा नक्की" असं त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

पुढे पालख्या आल्या. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला, माउलींची 'पालखी विठोबा'च्या देवळात, त्या भागातले रस्ते बंद. ते दोन दिवस मी एकवीसात धरलेले नाहीत. वारीवर राग काढण्याइतकी मी वाईट नाही. पण पालखी पुढे गेल्यावरही कारागीर आलाच नाही. तो वारीला गेला, मग गावाला गेला, मग त्याच्या मेहुण्याचं काहीतरी निघालं. तो कारागीर मी आजतागायत पाहिलेला नाही.

एकविसाव्या दिवशी मी बाकावर बसले आणि फळी मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. मिळाली. सहाशे रुपये परत दिले, बाकीचे "प्लायचे". रिक्षात फळी आडवी धरून कोथरूडला आले.

सोसायटीत एका फ्लॅटमध्ये किचन ट्रॉल्यांचं काम चाललं होतं. तिथल्या मिस्त्रीकाकांना ट्रे दाखवला. त्यांनी आधी फळीकडे पाहिलंही नाही, खाली येऊन डिकी उघडली, खिशातली टेप काढली आणि विचारलं, "खाली जागा किती आहे?" एकवीस दिवसांत टेप काढणारा हा पहिला माणूस.

सहा सुताची फळी त्यांनी बाजूला ठेवली. "ही कपाटाला लावा." रविवारी सकाळी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून चार सुताचा प्लाय आणला. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) शिक्का बघून घ्या. साधा एमआर (नुसत्या दमटपणापुरता) घेऊ नका आणि एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) तर नकोच. जुन्या गाडीच्या डिकीचं रबर पावसात थोडं तरी पाझरतं, आणि एमडीएफला पाणी लागलं की ते भिजल्या बिस्किटासारखं फुगतं.

मग सगळं अडीच तासांत झालं. स्पीकरच्या खोक्यात कागदी साचा असतो तो फेकू नका; सहा बाय नऊ हे नावाला, नेमका काप प्रत्येक कंपनीचा वेगळा. काकांनी प्लाय ट्रेपेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच आत ठेवला, म्हणजे ट्रेची कड पूर्वीच्याच खाचेत बसते आणि उंची वाढत नाही. मागच्या कडेला लांबीभर एक पट्टी उभी लावली. आडवी पट्टी फूटपट्टीसारखी वाकते, उभी वाकत नाही, घराची तुळई उभी का असते ते बघा, असं म्हणाले. चिकटवलं आणि वर स्क्रूही मारले, कारण मागच्या काचेखाली मे महिन्यात नुसत्या चिकटवण्याचा भरवसा नाही. कापलेल्या कडांना वॉर्निश. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी, आणि स्क्रूऐवजी बोल्ट, खालून प्लायमध्ये ठोकलेले दात्यांचे नट. ट्रेचं पातळ प्लास्टिक बोल्ट आणि प्लायच्या मध्ये दाबलं गेलं पाहिजे. नुसत्या प्लास्टिकवर स्पीकर आवळला तर भोकं महिन्याभरात मोठी होतात.

हो, आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: दहाचा पाना घेऊन बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा. मी विसरले होते, काकांनी आठवण केली.

तयार ट्रे स्पीकरसकट सात किलोच्या आसपास भरला. एवढं वजन मागे बसणाऱ्याच्या मानेमागे नुसतं खाचेत ठेवायचं नाही. करकचून ब्रेक लागला तर ते पुढे येणार. दोन्ही बाजूंना एल पट्ट्या लावून बोल्टने आवळलं. पत्र्याला भोक पाडायच्या आधी मागे हात घालून वायर, नळी काही आहे का ते चाचपा, आणि भोकाच्या कडेला रंग लावा. जुन्या आठशेला गंजायला निमित्तच हवं असतं.

वाजवलं. आवाज मोठा, पण पोकळ, खर्ज नाहीच. माझा जीव फळीत अडकलेला, मला वाटलं पुन्हा फळीच. काकाही गप्प. अर्ध्या तासाने लक्षात आलं, एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खर्ज हवेतच संपतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. डेकचा कपलर (मागचा वायरींचा जोड) काढून ठेवायचा, मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवायचा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. नव्या डेकला मागचा डावा स्पीकर हिरवा आणि हिरवा-काळा, उजवा जांभळा आणि जांभळा-काळा. काळी रेघ असलेली वायर मायनस. आमच्या गाडीत कुणीतरी कधीतरी मध्येच पांढरी वायर जोडलेली, तिथे फसगत झाली. वायर उलटवली आणि मागच्या सीटवर तबल्याचा बायाँ पोटात जाणवला. काकांनी दुसरं काही न बोलता मान डोलावली.

वॉटच्या आकड्यांवर जाऊ नका, हेही राहिलंच. डेकच्या खोक्यावर ५० गुणिले ४ लिहिलेलं असतं, सलग मिळतात ते स्पीकरमागे वीसच्या आसपास. आमच्या आठशेएवढ्या डब्याला तेवढे भरपूर झाले.

आठवड्याने फोन आला. "ताई, आठशेचा ट्रे तयार आहे, घेऊन जा." म्हटलं, माझा ट्रे माझ्या गाडीत आहे. पलीकडे थोडी शांतता, मग, "अरे, मग ही फळी कुणाची?" कुणीतरी दुसरी आठशेवाली ताई त्या बाकावर बसलेली असणार. तिला माझा कणकेचा कागद दाखवा, एवढं सांगून फोन ठेवला.

एक खर्र अजून येते. आठ दिवस ट्रेखाली डोकं घालून शोधली, शेवटी कळलं की मागची नंबर प्लेट थरथरते. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना बसवावी लागली ती नवी हाय सिक्युरिटी प्लेट. तिची कुलपं एकदाच लागतात, तोडल्याशिवाय निघत नाहीत, त्यामुळे मागे फोम घालायला प्लेट सैल करता येत नाही. फोमची पट्टी पोळीच्या उलथन्याने कडेकडेने सरकवली, बरीचशी खर्र गेली. उरलेली मला एकटीलाच ऐकू येते.

बाबा गाडीत आकाशवाणीच्या बातम्या लावतात. आवाज नऊवर. ट्रेवर छत्री ठेवतात.