मतमाउलीला यंदा मी काय मागितलं

राहुरीहून शुक्रवारी पहाटे पाचला आम्ही चाळीसेक जण श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या यात्रेच्या वाटेला लागलो. पुढं टेम्पोत झेंडूच्या माळांमध्ये मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची मूर्ती, तिच्यामागं टाळ-ढोलकीवर भजन म्हणणाऱ्या बाया, आणि शेवटी आम्ही गडीमाणसं. रात्री पाऊस होऊन गेलेला, कडेच्या उसातून पाणी ठिबकत होतं. मी सातव्यांदा चालत होतो. आधीच्या सहा वारींचं मागणं कुणालाही सांगता येण्यासारखं होतं: आईचं ऑपरेशन, पोरीचं लग्न, बोअरला पाणी, पोराची भरती. काही मिळालं, काही नाही. आई गेली. तरी 8 सप्टेंबर जवळ आला, मरियेच्या जन्माचा सण आला, की आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत पाय ठरत नाहीत.

यंदाचं मागणं मात्र मी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. मला माझा स्वभाव बदलून हवा होता.

माझं तोंड वाईट आहे. सव्वा वर्षापूर्वी पाण्याच्या पाळीवरून धाकट्या भावाशी वाजलं. विहीर सामाईक, मोटर एक, आठवड्याचे वार वाटून घेतलेले. कालव्याचं आवर्तन लांबलं, ऊस करपायला लागला, आणि त्याच्या वाराला मी मोटर चालू केली. चूक माझीच. तो जाब विचारायला आला, तर त्याच्या बायको-पोरांदेखत मी म्हणालो, "आईच्या दवाखान्याला दमडी लावली नाहीस, आणि पाणी मागतोस?" त्याच्याकडं तेव्हा पैसा नव्हता, हे मला ठाऊक होतं. दवाखान्यात आईच्या उशाशी अकरा रात्री तोच बसला होता, हेही ठाऊक होतं. तो काही बोलला नाही. मागं वळला आणि बांध ओलांडून घरी गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या फादरांनी संत इग्नेशियस लोयोला यांची एक रीत शिकवली होती. इग्नेशियस (1491–1556) मूळचे शिपाई, पुढं येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे संस्थापक झाले. त्यांची रीत मोठी व्यवहारी आहे. सगळे दोष एकदम धरायचे नाहीत, एकच धरायचा. सकाळी उठल्यावर त्याच्याबद्दल सावध व्हायचं, दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणानंतर स्वतःची झडती घ्यायची. जितक्यांदा घसरलो तितके ठिपके वहीतल्या रेघेवर मांडायचे, आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहायची. शिवाय दोष घडला की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांत ठेवला तरी कुणाला कळत नाही.

मी पोराच्या जुन्या वहीत रेघा मारल्या. पहिल्या दिवशी चौदा ठिपके. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणापर्यंत ते दोन-तीनवर आले आणि घरातल्यांना मी निवळलो असं वाटू लागलं. पण मला कळत होतं की मी फक्त गप्प झालोय. भाऊ बांधावर दिसला की मनात जे उसळायचं, त्याचा ठिपका कुठं मांडणार? शिस्तीनं तोंड आवरलं, आतलं मात्र माझ्या हातचं नाही, हे मान्य करायला मला सहा महिने लागले. म्हणून मागायला निघालो.

चालताना रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ सुरू झाली. जपताना येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग मनात आणायचे, त्यांना रहस्यं म्हणतात. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्यं. पहिलंच रहस्य गेथशेमनी बागेतलं, तिथं प्रभू म्हणतो की माझ्या मनासारखं नको, तुझ्या इच्छेसारखं होऊ दे. मणी सरकत होते, पन्नास-साठ वेळा 'नमो मारिया' ही प्रार्थना होत होती, आणि मधे मधे येशूनं शिकवलेली 'आमच्या पित्या'. त्यात ते वाक्य येतं, आम्ही जशी इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर. एका रोझरीत ते सहा वेळा म्हणावं लागतं. त्या दिवशी आम्ही चार रोझऱ्या म्हटल्या. मी हिशोबी माणूस आहे, चोविसावी वेळ माझ्या ध्यानात आहे. मोठ्यानं म्हणताना आवाज निघेना. शेजारचा विचारू लागला, "पाणी हवंय का?"

दुपारी बायांनी एक जुनं भजन धरलं. ह्या राहुरीत कधीकाळी रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगत. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण टाळ हातात घेऊन ख्रिस्ताला आळवायचं बळ साऱ्या मराठी ख्रिस्ती माणसांना त्यांच्यासारख्यांनीच दिलं, असं मला मनापासून वाटतं. ते भजन चालू असताना माझे पाय दुखत नव्हते.

मुक्काम एका शाळेच्या पडवीत होता. जेवणं झाल्यावर फादरांनी बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा 5वा अध्याय वाचला: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. मग त्यांनी त्या 'शील' शब्दापाशी बराच वेळ काढला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पारखून खरं ठरलेलं, म्हणाले. सोनाराकडं नाणं पारखायला देतात, तसं. "म्हणजे शील मागायचं तर पारख मागायची," फादर म्हणाले, "आणि ती बहुतेक वेळा आपल्याच घरात होते."

माझ्याशेजारी एक म्हातारी मावशी पाय चेपत बसली होती. तिनं विचारलं, "कुणासाठी चालतोस रं?"

"माझ्यासाठीच. राग जावा म्हणून."

"कुणावरचा?"

मी सांगितलं. तिनं मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वचन काढलं, वेदीपाशी दान आणलंस आणि भावाचं मन दुखावल्याचं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी त्याच्याकडं जा. मी म्हणालो, "मावशी, मी दोन दिवसांची वाट धरलीय आता." ती म्हणाली, "मोबाईल हाय की तुझ्याकडं."

रात्रभर झोप नाही. जरा डोळा लागला की दवाखान्यातला बाक दिसायचा, त्यावर बसलेला तो. सहनशीलता दे, सौम्यता दे, असं मी महिनोन्‌महिने म्हणत होतो आणि ते म्हणताना मला बरंही वाटायचं. त्या रात्री पहिल्यांदा नेमकं म्हटलं: प्रभू, त्याला फोन करण्याइतकं मन दे. त्यापुढचं मागायची ताकद नव्हती.

शनिवारी आनंदाची रहस्यं. दुसऱ्या रहस्यात मरिया डोंगराळ मुलखात एलिझाबेथला भेटायला घाईनं जाते. तिची घाई मला कधी जाणवली नव्हती. बेलापूरला प्रवरेच्या पुलावर मी बाजूला झालो आणि फोन लावला. पुतण्यानं उचलला.

"मोठे पप्पा?" पोरगं दचकलंच. "पप्पा मोटर चालू करायला गेलेत."

त्याच विहिरीवर. मी "बरं" म्हणालो आणि ठेवला. नदीचं पाणी गढूळ, चांगलं भरून चाललेलं. परत लावायचं धैर्य झालं नाही. छातीवर हात ठेवला आणि वारीच्या मागं पळत सुटलो.

श्रीरामपूर गाठलं. इथल्या रेल्वे स्टेशनाला अजून बेलापूरच म्हणतात. तिथून पुढं रस्ता माणसांनी फुलला, नाशिककडचे, संभाजीनगरकडचे, कुणी अनवाणी, कुणाच्या कडेवर तान्हं पोर. ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ, माउलीला कोण परकं? संध्याकाळी हरेगावात शिरलो. मेणबत्तीच्या रांगेत उभा होतो तेव्हा फोन वाजला. त्याचाच.

मी सगळं एका दमात बोललो. "आईच्या दवाखान्याचं बोललो ते खोटं होतं. पोरांदेखत बोललो. वार तुझा होता. माझं चुकलं."

तिकडं नुसता मोटरीचा आवाज. मग तो म्हणाला, "पाऊस हाय का तिकडं?"

"भुरभुर."

"पायाला फोड आले का?"

"आलेत दोन."

पुन्हा मोटर. मग म्हणाला, "दादा, आईच्या नावानं एक मेणबत्ती लाव. माझ्याकडून."

रांग पुढं सरकली. मी दुकानदाराकडून आणखी एक मेणबत्ती मागून घेतली.